४२ हजारांत ५५ इंची क्यूएलईडी टीव्ही : घ्यावा का?

अंगणवेल

हॉल १० बाय १५ फूट. सोफा भिंतीला टेकलेला, बसल्यावर डोळ्यांपासून पडद्यापर्यंत बरोबर १० फूट भरतात. आईबाबा दुपारी-संध्याकाळी डिशवर मराठी मालिका बघतात (बॉक्स जुना, एसडी म्हणजे कमी स्पष्टतेचा). त्याशिवाय क्रिकेट, आणि रात्री ओटीटीवर सिनेमे. पश्चिमेला मोठी खिडकी आहे. गेमिंग अजिबात नाही.

सध्याचा ३२ इंची बदलायचाय. दुकानातून तीन भाव आणलेत :
अ) ५५ इंची ४के क्यूएलईडी, २ जीबी रॅम, "१२० हर्ट्झ" (पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो म्हणे) - ४२ हजार
ब) मोठ्या कंपनीचा ५० इंची साधा ४के एलईडी, ६० हर्ट्झ - ४६ हजार
क) ५५ इंची मिनी एलईडी - ५८ हजार

पन्नासच्या आत बसवायचं होतं. अ मध्ये इंच जास्त आणि पैसे कमी, म्हणून मन तिकडे ओढतंय. जाणकारांनी सांगा, तो त्या पैशांच्या लायकीचा आहे का?

दीपमाळ

क्यूएलईडी या शब्दाला भुलू नका, एवढं आधी सांगतो. त्याचा अर्थ इतकाच की बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) आणि पॅनल यांच्यामध्ये क्वांटम डॉटची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची फिल्म आहे. तिच्यामुळे रंग, विशेषतः लाल आणि हिरवा, जास्त शुद्ध दिसतात. काळा रंग काळा दिसेल की राखाडी, हे ती फिल्म ठरवत नाही. ते ठरतं पॅनलच्या जातीवर आणि बॅकलाइटवर.

पॅनल दोन जातींचे. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३००० ते ५००० ला १, आयपीएस किंवा एडीएसचा १००० ला १ च्या आसपास. रात्री दिवे मालवून सिनेमा बघताना हा फरक लहान मुलालाही कळतो : आयपीएसवर वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या धुरकट राखाडी दिसतात. उलट, एका बाजूला बसणाऱ्याला व्हीएचे रंग फिके पडतात, आयपीएसचे टिकतात. तुमचा सोफा समोरच आहे, म्हणून तुम्हाला व्हीएच हवा. पॅनलची जात खोक्यावर सहसा लिहीत नाहीत. दुकानात चालू टीव्हीच्या समोरून हळूहळू बाजूला सरका. ४५ अंशांवर चित्र धुवून निघाल्यासारखं झालं तर व्हीए.

दुसरं, एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. खोक्यावर एचडीआर१०, डॉल्बी व्हिजन सगळं छापलेलं असतं. पण एचडीआरचे सिनेमे बहुतेक १००० निट्सच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) हिशोबाने तयार होतात आणि या किमतीतले साधे पॅनल ३०० ते ३५० निट्सपर्यंतच जातात. सिग्नल घेतला जातो, उजेड दाखवता येत नाही. त्यातून कित्येकदा चित्र एसडीआरपेक्षा (साध्या चित्रापेक्षा) अंधारं वाटतं, आणि लोकांना वाटतं टीव्ही बिघडला.

काळोखउजेड

सगळा घोळ अंतराचा आहे, म्हणून आकडे मांडते.

नॉर्मल नजरेला एक मिनिट कोनाएवढा (अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा दिसतो. ५५ इंची पडद्याची रुंदी जवळपास १२२ सेंमी. ४के मध्ये ३८४० ठिपके आडवे, म्हणजे एक ठिपका ०.३२ मिमी. तो वेगळा दिसायला १.१ मीटरवर, साडेतीन फुटांवर बसावं लागेल. फुल एचडीचा ठिपका दुप्पट, तो सुमारे २.२ मीटरपर्यंत दिसतो. तुम्ही बसणार ३ मीटरवर. तिथून ५५ इंचीवर ४के आणि फुल एचडी यांत नुसत्या ठिपक्यांच्या संख्येमुळे पडणारा फरक डोळ्याला कळणारच नाही. त्या अंतरावर तुम्हाला दिसणार आहे कॉन्ट्रास्ट, उजेड आणि हालचाल. पैसे त्यावर टाका.

आता एसडी. डिशच्या एसडी चॅनलला ५७६ ओळी. ५५ इंचीची उंची ६८.५ सेंमी, म्हणजे एक ओळ १.२ मिमी. ती ४ मीटरपर्यंत डोळ्याला खुपते. ३ मीटरवरून आईबाबांना मालिकेतले चेहरे मेणाचे आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसणार. तुमच्या ३२ इंचीवर तीच ओळ ०.७ मिमीची आहे, म्हणून आज ते खपून जातंय. नवीन टीव्ही आणल्यावर "जुनाच बरा होता" असं ज्या घरांत ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा कारण हेच.

उपाय लहान टीव्ही घेणं हा नाही. एचडी बॉक्स आणि मराठी चॅनलांचा एचडी पॅक घ्या. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी तिन्ही एचडीत आहेत. एचडी बॉक्सचा खर्च टीव्हीच्या बजेटमध्येच धरा. जुना बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर असेल तर आणखी एक अडचण : नव्या बऱ्याच टीव्हींना ती तीन भोकं नसतातच. कुठे ३.५ मिमीचं एव्ही-इन असतं, कुठे तेही नाही.

सह्यकडा

दुकानात जाताना पेनड्राइव्ह न्या. त्यात चार गोष्टी ठेवा : पडदाभर ५ टक्के राखाडी (जवळजवळ काळा) रंग, पडदाभर ५० टक्के राखाडी, पूर्ण काळ्यावर पांढरी श्रेयनामावली, आणि मैदानावर कॅमेरा आडवा फिरतोय अशी क्रिकेटची क्लिप.

आधी टीव्ही शॉप मोडमधून होम मोडमध्ये आणायला सांगा, नाहीतर सगळंच भडक दिसतं. ५० टक्के राखाडीवर मळके डाग किंवा उभे पट्टे दिसले तर तेच डाग क्रिकेटच्या हिरवळीवर, चेंडूमागे कॅमेरा धावला की सरकताना दिसणार. स्वस्त डायरेक्ट-लिट (पॅनलच्या थेट मागे दिवे असलेल्या) टीव्हींचा हा सगळ्यात मोठा दोष आहे. प्रत्येक नगात तो कमी-जास्त असतो, म्हणून घरी आलेला नगही याच पद्धतीने तपासा. ५ टक्के राखाडीवर कोपऱ्यांतून उजेड गळतोय का ते बघा.

मग रिमोट हातात घ्या. यूट्यूब उघडा, होमवर या, दुसरं ॲप उघडा, परत यूट्यूबवर जा. व्हिडिओ जिथे होता तिथून न चालता ॲप पहिल्यापासून सुरू झालं तर रॅम अपुरी आहे. नव्या टीव्हीवर हे आजच होत असेल तर दोन वर्षांच्या अपडेटनंतर काय होईल याचा अंदाज बांधा. अर्थात एवढ्यासाठी टीव्ही नाकारायची गरज नाही. पुढेमागे वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावता येते. पॅनल मात्र बदलता येत नाही.

अंगणवेल

आकड्यांनी डोळे उघडले. एचडी बॉक्स नक्की. दोन शंका उरल्या. विक्रेता म्हणतो अ मध्ये १२० हर्ट्झ आहे, म्हणून क्रिकेटला तोच उत्तम. आणि क साठी १६ हजार जास्त मोजावेत असं त्यात काय आहे?

दीपमाळ

४२ हजारांच्या ५५ इंचीत खरं १२० हर्ट्झ पॅनल असण्याची शक्यता फार कमी. बहुधा ते डीएलजी असेल, म्हणजे ड्युअल लाइन गेट. पॅनल मुळात ६० हर्ट्झचं, पण दोन-दोन ओळी एकदम रंगवून वेग दुप्पट केला जातो. त्या वेळी उभं रिझोल्यूशन अर्धं होतं. काही ठिकाणी तर नुसता "मोशन रेट १२०" असतो, तो सॉफ्टवेअरचा आकडा. कंपनीच्या वेबसाइटवर "नेटिव्ह रिफ्रेश रेट" ही ओळ शोधा. ती ओळच नसेल तर ६० समजून चाला.

क्रिकेटसाठी खरी गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं. सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआय वायरीने ५० चा सिग्नल आला की ६० हर्ट्झचा टीव्हीही ५० वर जातो, चित्र गुळगुळीत चालतं. टीव्हीतल्या ॲपवर मात्र आउटपुट ६० वर अडकून राहिलं तर दर सेकंदाला १० फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा फिरताना हिसके बसतात. गूगल टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये "मॅच कंटेंट फ्रेम रेट" असेल तर ते चालू करा. सगळी ॲपं ते पाळत नाहीत. खऱ्या १२० हर्ट्झचा फायदा सिनेमाला होतो : २४ फ्रेमला १२० ने नेमका भाग जातो, प्रत्येक फ्रेम पाच वेळा. ६० वर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, असं लंगडत चालतं.

आता क. मिनी एलईडी म्हणजे बॅकलाइटचे दिवे बारीक आणि संख्येने जास्त, आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद करता येतात. याला लोकल डिमिंग म्हणतात. तुमच्या पश्चिमेच्या खिडकीसाठी ६००-७०० निट्सचा उजेड आणि रात्रीच्या सिनेमासाठी खरा काळा, दोन्ही यातून मिळतं. पण विचारायचं एकच : झोन, म्हणजे असे गट, किती? शंभराच्या वर असतील तर घ्या. दहा-वीस झोनचा "मिनी एलईडी" असेल तर सबटायटलभोवती उजेडाचं वलय दिसेल आणि पैसे नावाचेच जातील.

ब बद्दल : मोठ्या कंपन्यांचं प्रोसेसिंग एसडी-एचडी चित्र सावरण्यात खरोखर चांगलं असतं. आईबाबा एसडीवरच राहणार असते तर मी डोळे मिटून ब सुचवला असता. एचडी बॉक्स येत असेल तर ब चं पारडं हलकं होतं. लोकल डिमिंग तिथे नाही आणि ५ इंच कमी.

माझं मत, झोन भरत असतील तर क. ५० च्या वर जायचंच नसेल तर ब. अ मला तिन्हींत कमी पटतो, कारण त्यात पैसे इंचांवर आणि लेबलांवर गेलेत.

जाईजुई

भावाचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे करामुळेच किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवी. ५८ हजार हा करकपातीनंतरचा भाव आहे का ते विचारा, आणि कपात "खास सवलत" म्हणून दाखवत असतील तर ती सवलत धरू नका. क गेल्या वर्षीचं मॉडेल असेल तर आणखी घासाघीस करायला जागा आहे. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावरची सूट धरून असे टीव्ही बरेच खाली येतात. नो-कॉस्ट ईएमआय घेताना प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बिलात वेगळा लागतो.

वॉरंटी एक वर्षाची की पॅनलला दोन, हे लेखी घ्या. पॅनल गेलं तर दुरुस्ती नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जाते, म्हणून या श्रेणीत वाढीव वॉरंटीचे दोन-अडीच हजार वाया जात नाहीत. फक्त ती कंपनीची आहे की तिसऱ्याच विमावाल्याची, ते वाचा. पडदा आपटून फुटला तर कुठलीच साधी वॉरंटी भरपाई देत नाही. म्हणून खोकं कंपनीच्या माणसासमोरच उघडायचं, सीलपासून टीव्ही चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढायचा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

भिंत कसली आहे? नव्या इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) असतात. त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू ठोकला तर काही महिन्यांत ढिला होतो. सिपोरेक्ससाठीचे वेगळे नायलॉन अँकर मिळतात, ते आधीच आणून ठेवा, कारण फिटिंगवाल्याकडे बहुतेक वेळा नसतात. उंची : पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंमी. आपल्याकडे टीव्ही फार वर टांगतात, मग मान अवघडते आणि व्हीए पॅनल खालून बघितल्यावर फिकंही दिसतं.

स्टॅबिलायझर विकतील, घेऊ नका. आजचे टीव्ही साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात. हवा तो सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) आणि चांगलं अर्थिंग. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर डिशची वायरही बॉक्समधून काढा. छतावरच्या छत्रीतून आलेला झटका बॉक्स, एचडीएमआय असा थेट टीव्हीच्या मदरबोर्डपर्यंत जातो. नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

काळोखउजेड

टीव्ही आल्यावर पहिल्या दिवशी करायचं. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर. सुरुवातीला पिवळट वाटेल, दोन दिवसांत डोळा बसतो. दुपारसाठी त्याच मोडमध्ये फक्त बॅकलाइट वाढवा. शार्पनेस शून्याजवळ, पण सोनीत मधला ५० हाच तटस्थ असतो, तिथे हात लावू नका. मालिका बघताना माणसं सरकती-तरंगती वाटली तर मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम बनवून घालणारी सोय) बंद. बॉक्सचं आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी (फुल एचडी) ठेवा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत "जस्ट स्कॅन" किंवा "फुल पिक्सेल" शोधा.

नेटफ्लिक्सचं ४के फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्याला १५ एमबीपीएस लागतात. ३ मीटरच्या अंतराचं गणित वर मांडलंच आहे, तेव्हा खास त्यासाठी प्लॅन वाढवायच्या आधी एक महिना घेऊन बघा.

आवाज पातळच असणार, स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात. संवाद ऐकू येत नसतील तर आधी ॲपमध्ये ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ ट्रॅक निवडा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं आणि साउंडबारचा खर्च पुढे ढकलता येतो.

अंगणवेल

क चं कळलं : वेबसाइटवर झोन १६० आणि नेटिव्ह १४४ हर्ट्झ लिहिलंय. मॉडेल गेल्या वर्षीचं आहे, दुकानदार ५४ पर्यंत येतोय. भिंत सिपोरेक्सचीच निघाली. सध्याचं टीव्ही युनिट ४ फुटी आहे, अँकर मिळेपर्यंत स्टँडवर ठेवला तर चालेल ना?

सह्यकडा

५४ ला घ्या. स्टँडचं मात्र मोजून घ्या. ५५ इंचीचे दोन पाय बहुतेक मॉडेलांत अगदी टोकांना असतात, त्यांतलं अंतर एक मीटरच्या वर जातं आणि तुमचं युनिट १२२ सेंमी. वेबसाइटवरच्या आकृतीत पायांमधलं अंतर दिलेलं असतं. काही मॉडेलांत पाय आतल्या बाजूलाही बसवता येतात. दोन्हीकडे किमान ५ सेंमी फळी उरत असेल तरच ठेवा, नाहीतर अँकर आधी आणा आणि डिलिव्हरीची तारीख त्यानंतरची घ्या.