शब्दचर्चा: ‘बदल व्यवस्थापन’, पण कुठला बदल?

पाचपाखाडीकर
रबाळ्याच्या एका कारखान्यासाठी मराठी परिपत्रक करायचं आहे. हजेरीचं कार्ड जाऊन चेहरा ओळखणारं यंत्र येणार, आणि पहिली पाळी सातऐवजी साडेसहाला लागणार. इंग्रजी मसुद्यात चेंज मॅनेजमेंट, स्टेकहोल्डर, स्पॉन्सर, रेझिस्टन्स, अनफ्रीझ-रिफ्रीझ अशी सगळी वरात आहे. भाषांतर असं आलंय: ‘बदल व्यवस्थापन प्रक्रियेअंतर्गत सर्व भागधारकांनी नवीन प्रणालीचा अवलंब करून सहकार्य करावे.’ व्याकरण बरोबर आहे, तरी फळ्यावर लावायचं धाडस होत नाही. कुठे काय बदलू?

महापेवाला
आधी ‘भागधारक’ काढा. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याच्यावर या बदलाचा परिणाम होतो तो प्रत्येक जण. शेअर बाळगतो तो भागधारक. पाळीतल्या ऑपरेटरला वाटेल कंपनीची वार्षिक सभा आहे. वर्तमानपत्रांतही ही चूक रोज दिसते. ‘हितधारक’ हिंदीतून आलाय आणि ‘हितसंबंधी’ म्हटलं की आत काहीतरी शिजतंय असा वास येतो. एक शब्द शोधूच नका, गटांची नावं लिहा: कायम कामगार, कंत्राटी कामगार, सुपरवायझर, टाइम ऑफिस (हजेरी बघणारं), बसचा कंत्राटदार, कँटीन. पाळी साडेसहाला म्हणजे ठाणे स्टेशनवरून बस अर्धा तास आधी निघायला हवी आणि चहाही अर्धा तास आधी उकळायला हवा. सगळ्यांना एका शब्दात गुंडाळलं की बसवाला हमखास निसटतो आणि पहिल्याच दिवशी निम्मी पाळी गेटबाहेर राहते.

रबाळे सेफ्टी
माझी हरकत थेट शीर्षकालाच आहे. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यात ‘बदल व्यवस्थापन’ हा शब्द आधीच बुक झालेला आहे. आमच्याकडे तो एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज): प्लांटमध्ये काही बदलण्याआधीची तपासणी आणि मंजुरी. ओशा या अमेरिकन कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९९२च्या नियमात बदल करण्यापूर्वी पाच गोष्टी बघायला सांगितल्या आहेत: बदलाचा तांत्रिक आधार, सुरक्षितता-आरोग्यावर परिणाम, कार्यपद्धतीत करायचे बदल, बदल किती काळासाठी, आणि मंजुरी कुणाची. शिवाय प्लांट सुरू करण्यापूर्वी संबंधितांना प्रशिक्षण. इथल्या बऱ्याच फॉर्मांचा सांगाडा तोच असतो.

त्यातून सूट एकाच गोष्टीला: काढलं तेच, त्याच स्पेसिफिकेशनचं परत बसवलं तर. याचं भाषांतर ‘जशास तसे’ करू नका, मराठीत तो सूड होतो! पाइपच्या जोडातलं सीएएफचं (दाबलेल्या अॅस्बेस्टॉसचं) गॅस्केट काढून त्याच मापाचं पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) टाकलं तर माप तेच, पण वस्तू वेगळी. पीटीएफई दाबाखाली हळूहळू पसरतं, बोल्टची पकड सैल होते, फ्लँज गळायला लागते. तिथे एमओसी लागतेच.

सगळ्यात धोकादायक शब्द ‘तात्पुरता’. १ जून १९७४, इंग्लंडमधलं फ्लिक्सबरो. सहापैकी पाचवी रिअॅक्टर टाकी तडकली म्हणून काढली. चौथी आणि सहावी तात्पुरत्या पाइपने जोडली. टाक्यांची तोंडं २८ इंची, पाइप २० इंची, वळणं घेत गेलेला, दोन्ही टोकांना बेलोज (लवचीक सांधे). नीट डिझाइन नाही, ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. पाइप फुटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसं गेली. तेव्हापासून तात्पुरत्या बदलाच्या फॉर्मवर संपण्याची तारीख कोरी ठेवत नाहीत. तारीख उलटली की एकतर पूर्ववत करायचं किंवा कायमचा म्हणून नवा फॉर्म भरायचा.

म्हणून तुमच्या हजेरीच्या परिपत्रकावर ‘बदल व्यवस्थापन’ छापलंत तर प्लांटमधला माणूस फॉर्म नंबर विचारेल.

ऐरोली नाइट शिफ्ट
आणि आमच्याकडे त्याचा तिसराच अर्थ. आयटीत चेंज म्हणजे सर्व्हरवरचा बदल: नेहमीचा पूर्वमंजूर, साधा किंवा तातडीचा. मंजुरी कॅब देते. हे चेंज अॅडव्हायझरी बोर्ड, पण रात्री अकराला ‘कॅब झाली का?’ विचारलं की अर्धे लोक खाली गाडी बघायला जातात. रोलबॅकचा (बदल फसला तर पूर्ववत कसं करायचं, त्याचा) रकाना रिकामा असेल तर मंजुरी नाही. आयटिल या आयटी-सेवांच्या नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीने तर ‘मॅनेजमेंट’ काढून ‘एनेबलमेंट’ केलं. त्याचं मराठी अजून कुणी मागितलेलं नाही, हे आपलं नशीब.

तलावपाळी
रबाळेंच्या एमओसीला मराठीत बांधेसूद शब्द आहे: फेरफार. तलाठ्याकडचा गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. प्रत्येक बदलाला क्रमांक, संबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन. एमओसीचा फॉर्म याहून वेगळं काय करतो?

रबाळे सेफ्टी
रचना जुळते, मान्य. पण ‘रीडिंगमध्ये फेरफार’ म्हणजे काय ते ऑडिटरला विचारा. सातबाऱ्याबाहेर पडला की हा शब्द लबाडीकडे झुकतो. आम्ही एमओसीच म्हणणार.

तलावपाळी
हिशेबातला फेरफार विसरलोच होतो. मागे घेतो.

मग माणसांच्या बाजूकडे वळू, कारण परिपत्रक त्याबद्दल आहे. अनफ्रीझ-रिफ्रीझचं ‘वितळवणे-गोठवणे’ पुस्तकात चालेल, तोंडात बसत नाही. मूळ मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनचा १९४७चा लेख: आधी जुनी सवय सैल करायची, मग बदलायची, मग नवी पक्की करायची. त्याने स्वतः अनफ्रीझिंग, मूव्हिंग आणि फ्रीझिंग म्हटलंय. ‘री’ मागाहून लोकांनी चिकटवला. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे: घडी. घडी मोडणे, नवी घालणे, घडी बसणे. ‘घडी विस्कटली’ म्हटलं की नुकसान, पण ‘साडीची घडी मोडली’ म्हणजे नवी साडी पहिल्यांदा नेसली. लेविनला हेच दोन्ही अर्थ हवे होते असं वाटावं इतकं चपखल.

तिसरा टप्पा, घडी बसण्याचा, कारखान्यात नेहमी राहून जातो. यंत्र लागलं, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि जुनं कार्ड मशीन ‘असू द्या सध्या’ म्हणून गेटवरच राहिलं. महिन्याने पन्नास टक्के हजेरी कार्डावर. घडी बसवायची तर जुनी वाट कोणत्या तारखेला बंद, हे त्याच कागदावर हवं.

महापेवाला
लेविनचं दुसरं काम, फोर्स फील्ड अॅनालिसिस, जास्त उपयोगी: बदलाला ढकलणारे आणि अडवणारे जोर. शाळेत फोर्सला ‘बल’ म्हणायचो, पण ‘बलक्षेत्र विश्लेषण’ म्हटलं की व्यायामशाळा आठवते. ‘जोर’ बरा. मुद्दा असा, की ढकलणारा जोर वाढवला तर ताणही वाढतो. अडवणारा कमी केला तर गाडी त्याच जोरात पुढे जाते. चेहऱ्याचं यंत्र मास्क-गॉगल-हेल्मेट घातलेला माणूस ओळखत नाही. त्यावर ‘सक्ती’चं दुसरं परिपत्रक काढण्यापेक्षा यंत्र पीपीईच्या (हेल्मेट-मास्क घालायच्या) खोलीआधी बसवा. मागून ऊन येत असेल तर जागा हलवा. याला ‘प्रतिकार’ कशाला म्हणायचं? प्रतिकार लसीने वाढतो. इथे नुसती अडचण आहे. कुरकुर, अडचण आणि विरोध हे तीन वेगळे शब्द आहेत, तिघांवर औषधही वेगळं. इंग्रजी रेझिस्टन्स तिघांना एकाच पोत्यात भरतो.

ऐरोली नाइट शिफ्ट
अॅडकारला मराठी सुचवतो. प्रोसी या कंपनीच्या जेफ हायटचं मॉडेल, माणूस बदल कसा स्वीकारतो त्याच्या पाच पायऱ्या, नाव त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. ‘जागरूकता, इच्छा, ज्ञान, क्षमता, दृढीकरण’ हे भाषांतर पाठ करावं लागतं. त्याऐवजी: कळलं, पटलं, शिकलं, जमलं, मुरलं. ‘कळतं पण वळत नाही’ ही अख्खी म्हण या मॉडेलचीच आहे.

वापर असा: प्रत्येक पायरीला १ ते ५ गुण विचारायचे, आणि क्रमाने येताना जिथे पहिल्यांदा ३ किंवा कमी मिळतात तिथे अडलंय असं धरायचं. पुढचे आकडे सध्या बघायचे नाहीत. ‘पटलं’ला २ मिळाले असताना लोकांना प्रशिक्षणाला बसवलं, तर चहा-समोसे संपतात आणि काही बदलत नाही. ही चूक सर्रास होते, कारण प्रशिक्षणाचं बजेट मंजूर असतं आणि पटवण्याचं बजेट नावाची वस्तूच नसते.

पाचपाखाडीकर
‘स्पॉन्सर’ राहिला, म्हणजे बदलाची जबाबदारी घेणारा वरिष्ठ. भाषांतरात ‘प्रायोजक’ आहे.

तलावपाळी
प्रायोजक टीव्ही मालिकेला. ‘सुकाणू समिती’ही नको, ती सरकारी आहे. व्यवस्थापनाचे प्राध्यापक जॉन कॉटर यांनी १९९६च्या पुस्तकातल्या बदलाच्या आठ पायऱ्यांत ज्या गटाची गोष्ट केली, तो पदांच्या उतरंडीबाहेरून जमवलेला असतो. समिती म्हटलं की उतरंड परत येते. कागदावर सरळ पदनाम लिहा: ‘जबाबदारी: प्लांट मॅनेजर’. आणि कॉटरची पहिली पायरी, अर्जन्सी, म्हणजे ‘निकड’. ‘तातडी’ लिहिलंत तर लोक नुसते पळतात.

वागळे इस्टेट
शब्दांच्या नादात तारीख विसरू नका. कामाच्या वेळा बदलणं हा कायद्याचा विषय आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आणि चौथी अनुसूची. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत तेच कलम ४० आणि तिसऱ्या अनुसूचीत आलंय. कामगारांना ठरलेल्या पद्धतीने नोटीस, आणि नोटिशीनंतर २१ दिवस तो बदल लागू करायचा नाही. युनियनशी करार होऊन बदल होत असेल तर नोटीस लागत नाही. साडेसहाची पाळी त्यात सरळ बसते. हजेरी यंत्र बसतं का, ते वकिलाला विचारा. दोन विषय एका कागदावर घातलेत तर पाळीवरच्या वादात यंत्रही अडकेल. कागद दोन करा.

महापेवाला
मग यंत्राचा कागद असा चालेल:

‘१ तारखेपासून हजेरी गेटवरच्या नव्या यंत्रावर. हेल्मेट-मास्क घालण्याआधी चेहरा दाखवा. १५ तारखेपर्यंत जुनं कार्डही चालेल, १६ तारखेला कार्ड मशीन काढलं जाईल. यंत्राने ओळखलं नाही तर त्याच पाळीत टाइम ऑफिसला सांगा. हजेरी हाताने लिहिली जाईल, पगार कापला जाणार नाही. जबाबदारी: प्लांट मॅनेजर.’

‘सहकार्य करावे’ गाळलंय. ते वाचलं की लोक समजतात, ठरून गेलंय.

पाचपाखाडीकर
शीर्षक ‘सूचना’ ठेवतो.

तलावपाळी
जपून. सूचना फलकावरची सूचना वरून येते, सूचना पेटीतली खालून जाते, शब्द एकच. वरून सांगणं आणि लोकांना ठरवू देणं यातला फरक लेविनच्या युद्धकाळातल्या प्रयोगात बघा. हृदय-किडनीसारखं मांस घरात शिजवा म्हणून गृहिणींना व्याख्यान दिलं, तेव्हा ३ टक्के बायकांनी आधी कधी न केलेला प्रकार करून बघितला. गटात बोलून ठरवू दिलं तिथे ३२ टक्के. पाळीच्या कागदावर ‘नोटीस’ लिहा. ‘सूचना’ हा शब्द पेटीसाठी राखून ठेवा. पेटी आहे ना?

पाचपाखाडीकर
आहे, गेटजवळ. चावी टाइम ऑफिसकडे.

वागळे इस्टेट
टाइम ऑफिसच्या यंत्राबद्दलची चिठ्ठी टाइम ऑफिसने उघडायची? चावी दुसरीकडे द्या, आणि पेटी कँटीनजवळ हलवा.