प्रतिसाद: सेल फुल चार्ज, तरी आठ-दहा फोटोत कॅमेरा बंद

रात्रभर चार्ज केलेले पेन्सिल सेल घालूनही आठ-दहा फोटोत लाल बॅटरी दाखवून बंद पडतो म्हणताय ना, सेम त्रास मला होता आणि मी उगाच कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो. आधी मेनूत बॅटरी टाइप बघा, तिथे अल्कलाइन (साधे, चार्ज न होणारे सेल) असेल तर निकेल मेटल हायड्राइड (आपले रिचार्जेबल) करा (सगळ्या कॅमेऱ्यांत ही सोय नसते म्हणा), कारण अल्कलाइन नवा असताना १.५ व्होल्टचा आणि आपला रिचार्जेबल १.२ चा, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं सेल संपत आला.

माझ्याकडे भानगड वेगळीच निघाली. कॅमेरा बंद पडल्या पडल्या चारही सेल काढून मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला तर तीन १.२५ व्होल्टच्या आसपास आणि चौथा ०.९! एकच मेलेला, पण बाकीच्यांना घेऊन बुडत होता. त्यात माझा चार्जर स्वस्तातला, दोन-दोनच्या जोडीने चार्ज करणारा, म्हणजे जोडीतला एक उपाशी राहिला तरी हिरवा दिवा लागणारच. नवे-जुने सेल मिसळू नका, चारांचा सेट ठेवा, मार्करने नंबर टाका.

आतल्या स्प्रिंगवर पांढुरका थर असेल तर खोडरबराने घासा, पण बारीक कण आत पडू देऊ नका.

आणि वर कुणीतरी सेल पूर्ण रिकामे करूनच चार्ज करा म्हटलंय, ते जुन्या निकेल कॅडमियम सेलचं, आपल्या निकेल मेटल हायड्राइडना गरज नाही. कपाटात पडून मात्र साधे रिचार्जेबल सेल आपोआप उतरतात, म्हणून आता घेणार असाल तर एनेलूप ब्रँडसारखे कमी उतरणारेच घ्या.