विषय: वाइल्डकॅट्सची ग्रुप तिकिटं – कोण कोण येतंय?

प्रेषक: क्रीडा समिती

नमस्कार मंडळी,

दिवाळी फराळाची धावपळ संपली, आता ठरल्याप्रमाणे वाइल्डकॅट्सच्या, म्हणजे आपल्या पर्थच्या बास्केटबॉल टीमच्या, मॅचचं बघूया. आरएसी अरीनामध्ये वीस सीट एकत्र मिळतायत, वरच्या बाजूला आहेत पण व्ह्यू चांगला आहे. आत्तापर्यंत फक्त सात नावं आलीयेत. बाकीच्यांनी रविवारपर्यंत कळवा म्हणजे मला पैसे भरता येतील. ज्येष्ठ मंडळींना ट्रेनने यायचं असेल तर पर्थ स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं, कुणीतरी सोबत असेल.

———

प्रेषक: बॉल्डिव्हिसहून

दादा, आम्ही तिघं येणार होतो पण खरं सांगायचं तर आता मुलाचा मूड नाहीये. तो 11 वर्षांचा आहे, त्याच्यासाठी वाइल्डकॅट्स म्हणजे ब्राइस कॉटन आणि कॉटन 2025ला गेला ॲडलेडला. खोलीतलं पोस्टर त्याने स्वतः काढून ठेवलंय. पाच वेळा लीगचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस गेल्यावर उरतं काय असं मलाही वाटतं, आम्ही इथे येऊन आठच वर्षं झाली, आम्ही कॉटनशिवायची टीम बघितलेलीच नाही. त्यापेक्षा पुढच्या वर्षी जाऊ का? कुणी जुनं असेल तर सांगा, ही टीम आधीही चांगली होती का?

———

प्रेषक: विलेटनचे काका

अरे बाळा, आधीही चांगली होती का असं विचारलंस म्हणून आज जेवण झाल्यावर टाइप करायला बसलोय, लांबेल, पण मुलाला वाचून दाखव. त्याला मराठी वाचता येत नसलं तरी ऐकायला येतं हे गणपतीत बघितलंय.

मी पर्थला आलो 1989च्या जानेवारीत. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बास्केटबॉल खेळलेला माणूस, फार काही नाही, कॉलेजच्या टीमपुरतं, पण बॉलचा आवाज कानात बसलेला असतो ना तो जात नाही. इथे ओळखीचं कुणी नाही, भारतीय दुकान शोधायला अर्धा दिवस जायचा, फोन महाग म्हणून घरी महिन्यातून एकदा. ऑफिसातल्या एकाने विचारलं सुपरड्रोमला येतोस का, बास्केटबॉल आहे. गेलो. आणि त्या दिवसापासून ही टीम माझी.

तर पहिल्यापासून सांगतो. क्लब सुरू झाला 1982 साली, तेव्हा नाव पर्थ नव्हतं, वेस्टेट वाइल्डकॅट्स होतं, दोन वर्षांनी पर्थ वाइल्डकॅट्स झालं. मॅचेस पेरी लेक्सच्या छोट्या स्टेडियममध्ये व्हायच्या. आत्ता सगळे ईगल्स ईगल्स करतात पण ईगल्स (इथली फुटबॉल टीम) 1987ला सुरू झाले, त्याच्या पाच वर्षं आधीपासून हे पोरगे पूर्वेकडे खेळायला जात होते. आणि जाणं म्हणजे काय ते नकाशात बघ, सगळ्यात जवळची टीम ॲडलेडची, ती विमानाने दोन हजार किलोमीटरच्या वर. सिडनी-मेलबर्नवाले वीकेंडला एकमेकांकडे जाऊन येतात, आपल्या टीमला प्रत्येक बाहेरची मॅच म्हणजे प्रवासच, वर घड्याळ दोन-तीन तास पुढे. सुरुवातीची पाच वर्षं फायनल्स गाठता आल्या नाहीत (इथे फायनल्स म्हणजे आपल्याकडची बाद फेरी, शेवटची ती ग्रँड फायनल). त्या दिवसांत माइक एलिसने टीम सांभाळली, मी आलो तेव्हाही तो खेळत होता, उंचीने कमी पण कोर्टवर सगळ्यांना जागा दाखवणारा.

आणि त्याच काळात, 1986ला, फ्रीमँटलकडचा सतरा वर्षांचा एक उंच पोरगा टीममध्ये आला. ल्यूक लाँगली. तो पुढे अमेरिकेत शिकायला गेला, एनबीएमध्ये (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन झाला आणि शिकागो बुल्समध्ये मायकल जॉर्डनबरोबर 1996, 97, 98 अशी लागोपाठ तीन टायटल्स घेऊन आला. मुलाला हे जरूर सांग. जॉर्डनच्या शेजारी उभा असलेला तो सात फूट दोन इंचाचा माणूस आपल्या टीमचा.

1987ला सगळं बदललं. कॅल ब्रूटन आला, न्यूयॉर्कचा माणूस, खेळाडू आणि कोच दोन्ही एकदमच. टीम सुपरड्रोमला गेली, जेम्स क्रॉफर्ड आला, आणि पहिल्याच झटक्यात ग्रँड फायनल, ब्रिस्बेनकडून हरलो पण लोकांना चटक लागली. क्रॉफर्डला मी डोळ्यांनी बघितलाय, अलाबामाचा, त्याला अलाबामा स्लॅमा म्हणायचे. तो रिंगच्या वर जाऊन क्षणभर थांबायचा असं वाटायचं, माझ्या शेजारची गोरी आजी दर वेळी माझा हात घट्ट धरायची आणि मग सॉरी म्हणायची. 1989ला पुन्हा ग्रँड फायनल, नॉर्थ मेलबर्न जायंट्सकडून हरलो. मी त्या रात्री उदास होऊन घरी आलो आणि बायको म्हणाली, म्हणजे आता तुम्ही इथले झालात.

1990ला रिकी ग्रेस आला. हा माणूस मला कुणी समजावून सांग म्हटलं तर तासभर बोलेन. अमेरिकेतून आलेला, काटकुळा, हातात बॉल आला की समोरच्याला कळेपर्यंत तो पलीकडे. त्या वर्षी मॅचेस वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या एंटरटेनमेंट सेंटरला सुरू झाल्या, एकदम मोठं स्टेडियम, लोकांना वाटलं भरणार नाही, पण भरायचं. ब्रूटन परत कोच होता आणि पहिलं टायटल आलं, ब्रिस्बेनला 2-1 हरवून. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डहून शिकून आपला पर्थचाच अँड्र्यू व्लाहोव परत आला आणि 1991चंही टायटल घेतलं. मग 1995. त्या वर्षीही ग्रँड फायनलचा एमव्हीपी ग्रेसच होता. त्याच वर्षी टीम लंडनला गेली आणि ह्यूस्टन रॉकेट्सबरोबर खेळली, हकीम ओलाजुवॉनचे रॉकेट्स, एनबीए चॅम्पियन. हरलो, मोठ्या फरकाने हरलो, पण आपल्या गावची टीम त्या कोर्टवर उभी होती.

मला सांगायचंय ते असं की ग्रेस दोन-तीन सीझन खेळून जाणार असं सगळे धरून होते. तो 2005पर्यंत खेळला. इथला नागरिक झाला, 2000च्या सिडनी ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाकडून उतरला, रिटायर झाल्यावरही इथेच राहिला आणि ॲबोरिजिनल मुलींचं शिक्षण सुटू नये म्हणून शाळांमध्ये काम उभं केलं. आपण जसे दोन वर्षांचं म्हणून आलो आणि राहिलो तसा तो. ही टीम अशा राहिलेल्या माणसांची आहे, कॉटन मोठा होताच पण टीम त्याच्या आधी पस्तीस वर्षं उभी होती.

डोळे दुखायला लागले, बाकीचं उद्या. माझी दोन तिकिटं धरा.

———

प्रेषक: जूनडलपची ताई

काका, डोळ्यात पाणी आणलंत. पण एक दुरुस्ती, 1995च्या ग्रँड फायनलचा एमव्हीपी व्लाहोव होता, ग्रेस 1990चा. मी इथेच शाळेत होते, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या फोल्डरवर व्लाहोवचा फोटो होता, त्यामुळे ही माझी पक्की आठवण आहे 🙂 

मधली वर्षं काकांनी लिहिली नाहीत ती मी लिहिते कारण ती विसरून चालणार नाही. 2000ला चौथं टायटल आलं आणि मग दहा वर्षं काही नाही. 2002ला एंटरटेनमेंट सेंटर बंद झालं, टीमला परत जुन्या सुपरड्रोमला यावं लागलं, तोपर्यंत त्याचं नाव चॅलेंज स्टेडियम झालं होतं, साडेचार हजारांची जागा. लाँगली आणि व्लाहोव यांनी स्वतःचे पैसे घालून क्लब हातात ठेवला होता, पण खर्च भागत नव्हता. लीगमध्ये तेव्हा दर थोड्या वर्षांनी कुठली ना कुठली टीम बंद पडायची, सिडनी किंग्जसारखी मोठी टीमसुद्धा 2008ला बंद पडली होती. आमच्या घरी बाबा म्हणायचे की आता आपलीही जाणार. 2006ला जॅक बेंडॅट आले, तेही अमेरिकेतून येऊन पर्थचे झालेले, आणि त्यांनी क्लब घेतला. 2021ला विकेपर्यंत त्यांनी तो सांभाळला. वय झालेलं असूनही ते बाजूला बसून मॅच बघायचे ते मला अजून दिसतं.

2009ला सिडनीची अजून एक टीम बंद पडली म्हणून डेमियन मार्टिन इकडे आला. तुमच्या मुलाला कॉटनचं वेड आहे ना, त्याला मार्टिनचे जुने व्हिडिओ दाखवा. पॉइंट्स फार नाही करायचा. काय करायचा तर समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला प्लेयर असेल त्याला रात्रभर बॉल सुखाने धरू द्यायचा नाही. लीगचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर सहा वेळा झाला, आता त्या अवॉर्डलाच त्याचं नाव दिलंय. मी स्वतः शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते, आणि प्रत्येक नव्या बॅचला मी आधी मार्टिनचे पाय बघायला लावते, हात नाही, पाय, तो कधीच क्रॉस करत नाही, सरकत राहतो, कंबर खाली आणि छाती समोरच्याच्या समोर. शूटिंग देवाने दिलेलं असू शकतं, डिफेन्स रोज ठरवून करावा लागतो असं मी त्यांना सांगते.

तो आल्यावर पहिल्याच सीझनला, 2010ला, टायटल आलं. केव्हिन लिश, शॉन रेडहेज, रॉब बेव्हरिज कोच. 2012च्या नोव्हेंबरात पर्थ अरीना (आताचं आरएसी अरीना) उघडलं आणि साडेचार हजारांवरून एकदम तेरा हजारांच्या वर लोक यायला लागले, सगळे लाल, रेड आर्मी. ट्रेव्हर ग्लीसन 2013ला कोच झाले आणि आठ सीझनमध्ये पाच टायटल्स, 2014, 16, 17, 19, 20.

त्यातलं 2017चं सांगते. डिसेंबरात टीम टेबलमध्ये तळाला होती. खरंच तळाला. जानेवारीत ब्राइस कॉटन आला, तेव्हा नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि मार्चमध्ये ग्रँड फायनलच्या तिसऱ्या मॅचला त्याने 45 पॉइंट्स केले, इलावारा 3-0 ने हरले. मी तिथे होते, सात महिन्यांची प्रेग्नंट, नवरा सारखा बस बस म्हणत होता आणि मी बसू शकत नव्हते.

आणि 2020. सिडनी किंग्जबरोबर पाच मॅचची सिरीज, पहिली सिडनीत जिंकलो, दुसरी पर्थमध्ये पण कोविडमुळे रिकाम्या अरीनात, आम्ही घरी टीव्हीसमोर जर्सी घालून, हरलो. तिसरी सिडनीत, तीही रिकामी, जिंकलो. मग किंग्जनी पुढे खेळायला नको म्हटलं आणि 2-1 वर टायटल आपल्याला मिळालं. दहावं. लीगमध्ये इतकी कुणाचीच नाहीत. पण ते अरीनात सगळ्यांनी मिळून बघायचं राहून गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मार्टिन त्याच वर्षी रिटायर झाला, त्याला भरल्या अरीनाने निरोप द्यायला हवा होता.

माझी चार तिकिटं.

———

प्रेषक: बॉल्डिव्हिसहून

काका, ताई, दोघांचे मेल मुलाला वाचून दाखवले. जॉर्डनचं ऐकून तो लगेच लाँगली शोधायला बसला. त्याने एक प्रश्न विचारलाय, टीम कधी फायनल्सला गेलीच नाही असं झालंय का? आणि मला एक वाटलं ते लिहितो, कॉटनच्या सिटिझनशिपचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं, आमचंही पीआरचं (इथे कायम राहण्याच्या परवानगीचं) तसंच चाललंय, म्हणून कदाचित आमच्या घरात त्याच्याबद्दल जास्तच जिव्हाळा होता.

———

प्रेषक: विलेटनचे काका

ताई, बरोबर तुझं, 1995 व्लाहोवच. ग्रेसच्या प्रेमात माझी चूक झाली.

पोराला सांग, 1987पासून 2021पर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. सलग 35 सीझन. मालक बदलले, कोच बदलले, स्टेडियमं बदलली, फायनल्स चुकल्या नाहीत. मी आलो तेव्हापासून प्रत्येक वर्षी. माझी मुलगी जन्मली, शाळेत गेली, लग्न होऊन मेलबर्नला गेली, टीम फायनल्समध्ये. 2021ला ग्रँड फायनलला मेलबर्नकडून 3-0 हरलो, कॉटन दुखापतीमुळे बाहेर होता, पण पोचलो तरी होतो.

मग 2022. कोविडमुळे राज्याची बॉर्डर बंद असल्यामुळे टीम कितीतरी आठवडे पूर्वेकडेच अडकली होती, हॉटेलात राहून खेळत होती. शेवटची मॅच आपल्या अरीनात, जिंकलो तर आत. साउथ ईस्ट मेलबर्न फिनिक्स समोर. ओव्हरटाइम झाली. हरलो. जागा मिळाली टास्मानियाला, त्यांचा पहिलाच सीझन. मी त्या रात्री तिथे होतो, वय 63. लोक लगेच उठले नाहीत. माझ्या पुढच्या रांगेत एक बाप आणि तुझ्या मुलाएवढा पोरगा होता, पोरगा रडत होता आणि बाप त्याला काही समजावत नव्हता, नुसता पाठीवर हात ठेवून बसला होता. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि सगळे उभे राहिले. कॉटन तेव्हा टीममध्ये होता हे लक्षात घे. तो असूनही हरलो, तो नव्हता तेव्हा चार टायटल्स घेतली होती, मार्टिन आल्यावर अजून तीन.

पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचचं तिकीट मी त्याच आठवड्यात काढायला गेलो होतो, विक्री सुरूच झाली नव्हती.

पोराला घेऊन ये. पोस्टर परत लावायचं का ते त्याचं तो ठरवेल. कॉटन ॲडलेडकडून इथे खेळायला येईल त्या मॅचलाही आपण जाऊ, त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवायच्या आणि मग बसून आपल्या टीमला ओरडायचं. माझ्याकडे 1990च्या दशकातली एक लाल कॅप आहे, रंग उडालाय, पण त्याच्या डोक्याला बसेल.

———

प्रेषक: बॉल्डिव्हिसहून

दादा, आमची तीन तिकिटं धरा. मुलगा विचारतोय काकांच्या शेजारची सीट मिळेल का.

———

प्रेषक: क्रीडा समिती

सात अधिक दोन अधिक चार अधिक तीन, सोळा झाले. काकांच्या शेजारची सीट मुलाला दिली. चार उरल्यात, रविवारपर्यंत कळवा. सगळ्यांनी लाल घालून या, नसेल तर ताईंच्या शाळेतून जुन्या जर्स्या मिळू शकतील असं त्या म्हणाल्यात.