रूप पालटलेला नायक आधी कोण होता? तुम्ही कसं ठरवलंत?

माझ्या कादंबरीतला नायक पहिल्याच प्रकरणात लांडगा होतो, बालाघाटाच्या माळावर. तो आधी कोण होता यावर गाडं अडलंय. राजपुत्र नको हे पक्कं; त्याचं सिंहासन शेवटी परत मिळणार हे वाचक आधीच ओळखतो. त्याला धनगर करून पाहिलं, तर लिहायला मजा आली. ज्या वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत तो मेंढरं कोंडायचा, तीच आता बाहेरून हुंगतो. धनगरवाड्यावरची सगळी कुत्री अंगावर येतात, एक म्हातारी कुत्री तेवढी भुंकत नाही. पण हे जरा जास्तच सोयीचं वाटतंय. गोष्टी लिहिणाऱ्यांनी, सांगणाऱ्यांनी, नाटकं बसवणाऱ्यांनी अनुभव लिहा. शाप कुणी दिला ते राहू द्या. आधीचा माणूस कसा निवडलात ते सांगा.

संभाजीनगर, हॉस्टेलवाला
आम्ही रात्री रोलप्ले खेळतो. प्रत्येकाची पूर्वकथा सारखीच: आईबाप मेले, गाव जळालं, आता सूड. चार अनाथ एका खोलीत बसले की कुणी कुणाशी बोलतच नाही! मग मी माझ्या दगडी राक्षसाला घर दिलं. आई जिवंत, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि हा दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात अडकलेला. त्या रात्री पहिल्यांदा सगळे माझ्या मागे आले.

केज तालुका, शिक्षिका
माझ्या वर्गातली निम्मी लेकरं दिवाळीनंतर आईबापासोबत उसाला जातात. मागं राहिलेल्यांना घेऊन आम्ही गोष्ट रचत होतो: माणसाचा पक्षी होतो. कामून झाला, असं विचारलं. पुस्तकी उत्तरं आली, ऋषी रागावला, चेटकीण आली. मग मागच्या रांगेतली एक पोर म्हणाली, "त्यानं उचल घेतली व्हती."

पुढचं सगळं तिनंच सांगितलं. गोष्टीतला राक्षस म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम. पैसे आधी हातात, फेड नंतर अंगानं. घराचं पत्र्याचं छत त्या पैशातून झालं, म्हणून नायकाला राक्षसाचा रागही धड येत नाही. मी इथं थांबले असते. तिचा खरा प्रश्न पुढंच होता. फडावर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. नवरा पक्षी झाला तर बायको अर्धा कोयता. मग उचल कोण फेडणार? वर्गात यावरून भांडण झालं. कुणी म्हणालं, पक्षी रात्री येऊन मोळ्या बांधील. एक पोरगा म्हणाला, चोचीत वाढ्याचं एक पान मावतं, मोळी कुठली बांधतोय.

तेव्हापासून मी नायक निवडताना एवढंच बघते: रूप पालटलं त्या दिवशी त्याच्या नावावर कुणाचं काय देणं होतं?

धागाकर्ता
हे जबरदस्त आहे. माझ्या धनगरानं एका शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, बदल्यात ज्वारी घ्यायची, अशी बोली केलेली असणार. आता बायको ज्वारी मागायला गेली की शेतकरी म्हणणार, बोली त्याच्याशी होती, त्याला आण.

औसा
माझा नायक दगड होतो. किल्लारीच्या बाजूचा, म्हणून १९९३चा भूकंप पूर्वकथेत घातला आणि नंतर काढला. ३० सप्टेंबरची पहाट नुसती लिहिली तरी इकडचा वाचक हेलावतो, त्यात नायकाचं कर्तृत्व काहीच नाही. आता तो माळवदाची घरं बांधणारा गवंडी आहे. दगड कुठं बसतो हे त्याला कळतं, आणि आता तो स्वतः कुठं बसवला जाणार याची त्याला धास्ती आहे.

पैठण
आपल्या गावातच याचा नमुना आहे. कथासरित्सागरातला गुणाढ्य हा मूळचा माल्यवान, शिवाचा गण. पुष्पदंतानं शिव-पार्वतीची गोष्ट चोरून ऐकली. माल्यवानाचा गुन्हा एवढाच की त्यानं मित्रासाठी रदबदली केली. पार्वतीनं दोघांनाही माणूस केलं. मला हा गुन्हा फार आवडतो, कारण तो स्वभावातून आलेला आहे. पुढं प्रतिष्ठानच्या दरबारात पैज हरला तर भाषाच सोडून देतो, राजानं कथा नाकारली तर सात लाख श्लोकांतले सहा लाख पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळून टाकतो. सगळीकडे तोच माणूस, दुसऱ्यासाठी आणि शब्दासाठी स्वतःचं नुकसान करणारा.

उलट एकनाथांच्या घरी कावडीनं पाणी भरणारा श्रीखंड्या. तो प्रत्यक्ष विठ्ठल, हे आख्यायिकेत घरच्यांना शेवटी कळतं. कीर्तनात मात्र श्रोत्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं, तरी ते ऐकतात. तेव्हा पूर्वकथा लपवलीच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

नांदेड, बालनाट्यवाला
आमच्याकडे उलटा प्रकार. माळेगावच्या जत्रेत वाघ्ये पाहिलेले. खंडोबाच्या भंडाऱ्यानं वाघाचे माणूस झाले, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून आमचा नायक आधी वाघ. संहितेत जंगल, शिकारी, आईचा मृत्यू, पानभर निवेदन होतं. तालमीत त्या पोरानं समोर आलेल्या ताटाला हात लावायच्या आधी वाकून वास घेतला, मग वाढणाऱ्या बाईकडे बघितलं. सगळे हसले, आणि लगेच गप्प झाले. मी निवेदन काढून टाकलं. आता लेखक मित्र रुसलाय, पण प्रयोगात ते पान परत येणार नाही.