मदत हवी : बुद्धिबळात एक प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीत

दारव्हेकर : माझा राजा अन् एक प्यादं, समोर नुसता राजा. तीन डाव झाले, तिन्ही बरोबरीत. मोबाइल म्हणते पांढरा जिंकतो. कसा ते कोणी सांगा, रविवारी यवतमाळले स्पर्धा हाय.

वर्धेकर : प्यादं कोणत्या घरात? खेळी कोणाची? कडेचं असेल अन् त्याचा राजा कोपऱ्यात पोचला असेल तर विसरा, डाव जिंकता येत नाही.

दारव्हेकर : कडेचं नाही, मधलं हाय. राजा पुढंच हाय. आता सांगा ना.

संत्रा_काटोल : भाऊ, स्पर्धा जवळ आली तर सुरुवातीच्या खेळ्या पाठ करा. शेवटापर्यंत डाव जातोच कुठं?

वर्धेकर : त्यांचे तीन डाव शेवटापर्यंतच गेले आहेत. दारव्हेकर, घरं लिहा, घरं! उभ्या पट्टीचं अक्षर अन् आडव्या ओळीचा आकडा.

दारव्हेकर : राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६. खेळी माझी. मी राजा डी४, तो डी६. मग प्यादं ई४. शेवटी त्याचा राजा कोंडला, शह नाही, स्टेलमेट, म्हंजे बरोबरी.

निवृत्त_मास्तर : प्यादं दोन घरं ढकललंत तिथंच डाव गेला. पहिलीच खेळी ई३ करा, एकच घर. आता राजे समोरासमोर, मध्ये एक घर रिकामं आणि खेळी काळ्याची. यालाच ऑपोझिशन म्हणतात. त्याला बाजूला किंवा मागं व्हावंच लागतं. तो डी६ ला गेला तर तुम्ही एफ५, एफ६ ला गेला तर डी५. राजा आधी पुढं न्या, प्यादं मागून येऊ द्या. प्यादं आधीच ई३ वर असतं आणि खेळी तुमची असती, तर मात्र बरोबरीच होती.

पारावरचा : आमच्या देशी डावात प्यादं दोन घरं जातच नाही. तुम्ही आपोआप ई३ च खेळला असता.

वर्धेकर : काका, देशीत एकटा राजा उरला की बुर्जी, म्हणजे डाव तिथंच बरोबरीत संपतो. तिथं हा प्रश्नच येत नाही.

पारावरचा : म्हणून काय तो खेळ वाईट?

संत्रा_काटोल : नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तिचे डाव लावून पाहा.

दारव्हेकर : मास्तर, डी४, डी६ झाल्यावरही ई३ चाललं असतं का?

निवृत्त_मास्तर : हो, तेव्हाही जिंकलाच असता. राजे तिथंही समोरासमोरच होते.

दारव्हेकर : अन् ई३ नंतर तो मागं ई७ ले गेला तर?

निवृत्त_मास्तर : तुमचा राजा ई५. प्याद्याला हात लावू नका.