नदी चढली की उभी राहणारी भिंत: शहराने तिच्यावर किती विसंबावं?
(चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

काठावरचा
ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठी ग्राइन नावाचं छोटं गाव आहे. जून २०१३ मध्ये नदी चढायला लागली तशी तिथल्या लोकांनी काठावर खांब रोवले आणि खांबांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकावर एक सरकवल्या. त्या दिवसांतला फोटो बघा: एका बाजूला गढूळ पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडी घरं, मध्ये ही बारीक भिंत. पूर ओसरल्यावर ती उतरवून गोदामात गेली आणि गावाला त्याची नदी परत दिसायला लागली.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचंही तसंच. २००२ मध्ये एल्ब नदी ९.४० मीटरवर गेली आणि जुन्या शहरात पाणी शिरलं. २०१३ मध्ये ती ८.७८ मीटरवर होती, पण मधल्या काळात काठाची कामं झाली होती, पुरापुरत्या उभ्या करायच्या हंगामी भिंती आल्या होत्या. जुनं शहर कोरडं राहिलं. ज्या शहराला काठावर कायमची उंच भिंत नको आहे, त्याने हाच मार्ग धरावा असं माझं ठाम मत आहे.

पाणलोट
असहमत. भिंतीने पाणी कमी होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. पुराच्या वेळी नदी काठाबाहेर पसरते ती तिची हक्काची जागा असते. ती अडवली की पात्रातली पातळी वाढते आणि ते पाणी समोरच्या काठाला किंवा खालच्या गावाला भोगावं लागतं.

दुसरा धोका माणसांच्या मनातला आहे. बांध झाला की लोक निर्धास्त होतात आणि पूररेषेच्या आत बांधकामं वाढतात. मग एक दिवस पाणी बांधावरून जातं आणि नुकसान आधीपेक्षा मोठं होतं. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ मध्येच हे मांडलं होतं. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुराच्या धास्तीने सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर त्यांनी नदीला जागा परत द्यायचं धोरण आखलं. नायमेखनजवळ तर बांध ३५० मीटर मागे नेला आणि नदीला आणखी एक पात्र खोदून दिलं. पैसा खर्चायचाच तर असा खर्चावा.

खांबपट्टी
मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून आधी एक गोष्ट साफ करतो. आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतोय.

पहिली ग्राइनसारखी. तिचा वरचा भाग काढता-घालता येतो, पण पाया कायमचा असतो: जमिनीत काँक्रीट, त्यात बसवलेल्या प्लेटा, आणि गरज असेल तिथे खोलवर शीटपाइलचा, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पत्र्यांचा पडदा, त्यामुळे पाणी खालून झिरपत नाही. दुसरी म्हणजे आहे त्या रस्त्यावर आणून मांडलेले अडसर: पाण्याने भरलेल्या नळ्या, ताडपत्री लावलेल्या लोखंडी चौकटी, वाळूची पोती. त्यांना पाया नसतो. त्या स्वतःच्या किंवा पाण्याच्याच वजनावर आणि जमिनीशी होणाऱ्या घर्षणावर उभ्या राहतात.

हा फरक का महत्त्वाचा? पाणी १ मीटर चढलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा रेटा येतो. २ मीटरला तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे २ टन. ३ मीटरला साडेचार टन. आणि भिंत उलथवणारा जोर २ मीटरला आठपट, ३ मीटरला सत्तावीसपट! हा केवळ स्थिर पाण्याचा हिशोब झाला. वाहत आलेले ओंडके धडकतात ते वेगळेच. कंबरभर पाण्याला पुरलेला अडसर पुरुषभर पाण्याला पुरेल, असं कुणी समजू नये.

ओलावा
खांबपट्टी यांचं म्हणणं खरं ठरलेलं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडच्या आयर्नब्रिजमध्ये सेव्हर्न नदीच्या दाबाने रस्त्यावर मांडलेले अडसर मागे सरकले आणि लोकांना घरं सोडायला सांगावं लागलं. नदी हळूहळू चढते तेव्हा माणूस सामान माळ्यावर टाकतो, म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढतो. भिंत सरकली तर तेवढा वेळ मिळत नाही. माझा विरोध इथे आहे. भिंतीआडच्या माणसाला ‘घरीच थांबा’ असं कधीच सांगू नये.

काठावरचा
ओलावा, हे मान्य. पाया आहे की नाही हे न बघता मी जास्तच उत्साहात बोललो. आणि भिंत उभी असतानाही लोकांना हलवण्याची तयारी हवी, हेही पटलं.

पाणलोट, तुमचं मात्र पूर्ण पटत नाही. बांध मागे न्यायला मागे मोकळी जागा लागते. जुन्या शहरात नदीला लागूनच घरं आहेत, ती कुठे नेणार? जर्मनीतल्या कोलोनमध्ये ऱ्हाइन नदी १९९३ ला १०.६३ आणि १९९५ ला १०.६९ मीटरवर गेली. लागोपाठ दोनदा झळ बसलेल्या शहराने नंतर बऱ्याच भागांत ११.३० मीटरपर्यंतचं संरक्षण उभं केलं आणि हंगामी भिंती हा त्याचाच भाग आहे. त्यांनी आणखी दहा-वीस वर्षं थांबायला हवं होतं का?

पाणलोट
थांबा असं म्हणत नाहीये. जुन्या वस्तीसाठी भिंत घ्या. पण शहर भिंतीचा जो ठराव करेल त्याच ठरावात पूररेषेच्या आतली नवी बांधकामं बंद करा आणि वरच्या अंगाला पाणी पसरायला जागा राखा. भिंत आली आणि ही दोन कलमं गळाली, तर माझा विरोध कायम.

उपसा
भिंतीकडेच बघताय सगळे. पाणी गटारातून येतं! नदीची पातळी गटाराच्या तोंडापेक्षा वर गेली की फुगवटा उलटा आत शिरतो आणि भिंत शाबूत असताना चौकात तळं साचतं. प्रत्येक तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. झडप बंद झाली की शहरात पडणारा पाऊसही आतच अडकतो, म्हणून उपसा पंप हवेत आणि वीज गेली तर त्यांना जनरेटर. पट्ट्यांच्या फटींतून थोडं पाणी येणारच, तेही याच पंपांनी काढायचं.

शिवाय शहराला अनेक दारं असतात. २००२ मध्ये प्रागचं जुनं शहर हंगामी भिंतींनी वाचवलं, पण कार्लिन भाग बुडाला आणि मेट्रोच्या बोगद्यांत पाणी भरलं.

खांबपट्टी
उपसा यांना शंभर टक्के अनुमोदन. त्यात वेळेचा हिशोब मिळवा. मोठ्या नदीचा लोंढा वरून खाली यायला दिवस लागतात, तेवढ्यात भिंत उभी होते. डोंगरातली छोटी नदी दोन-चार तासांत चढते. तिथे गोदामातून खांब निघेपर्यंत पाणी दारात येईल, तिथे ही भिंत सुचवणं मला चुकीचं वाटतं.

आणि सराव. रबरी सील वाळून तडकतात, बोल्टच्या भोकांत माती बसते, शिकलेली माणसं बदलून जातात. कोरड्या ऋतूत दरवर्षी एकदा पूर्ण भिंत उभी करून उतरवा, घड्याळ लावून. जे शहर यासाठी माणसं नेमायला तयार नाही, त्याने ती घेऊ नये.

ओलावा
त्या सरावात भिंतीआडच्या रहिवाशांनाही बोलवा. कोणत्या पातळीला भोंगा वाजणार, कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचं, अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार, हे त्यांनी त्याच दिवशी चालून बघायला हवं. एवढं ठरावात लिहून येणार असेल, तर माझंही मत भिंतीच्या बाजूने धरा.