गणपतीला दिल्लीहून सावंतवाडी: विमानाचं तिकीट कधी काढावं?

मदत हवी आहे. रेल्वेचं आरक्षण आता 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं आणि चतुर्थीच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून यंदा विमान. गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी दाबोळीचं भाडं कधीकधी मोपापेक्षा कमी दिसतं, पण मोपा पेडण्यात, आम्हाला जवळ. दाबोळीहून टॅक्सीतच ती बचत उडते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचा भरवसा धरावा का?

दुसरं म्हणजे, चौघांची तिकिटं एकत्र शोधली की खालच्या दराच्या दोनच जागा उरल्या असल्या तरी सगळ्यांना वरचा दर लागतो. दोन-दोन करून काढली तर? सोबत सासूबाई आहेत. ऐनवेळी विमान बदललं तर त्या एकीकडे, आम्ही एकीकडे, असं नको.

‘मंगळवारी रात्री स्वस्त मिळतं’ छाप ऐकीव सल्ले नकोत. गेल्या गणपतीत गेलेल्यांनी किती आठवडे आधी काढलं, तेवढं सांगा.